बटणावरची पेन्सिलची रेघ

त्या पत्राला अकरा महिने होऊन गेले होते आणि सुईकाकांनी अजून त्याला उत्तर दिलं नव्हतं. विसरले होते असं नाही. विसरता आलं असतं तर फार बरं झालं असतं. पत्र त्यांनी रेकॉर्डच्या एका रिकाम्या पाकिटात सरकवून ठेवलं होतं. पाकीट फडताळात डावीकडून तिसरं. फडताळाकडे पाठ करून पुस्तक घेऊन बसलं, तरी ते तिथे आहे हे पाठीला बरोबर समजायचं.

पत्र एका घड्याळवाल्या बाईंचं होतं. अक्षर बारीक, ताठ, ओळीवरून जरासुद्धा न ढळणारं.

"आपला लेख वाचला. रेकॉर्डवरचं चुंबकत्व उतरवलं की आवाजावरचा पडदा सरतो, असं आपण लिहिलं आहे. मी तीस वर्षं घड्याळांचं चुंबकत्व उतरवते आहे. घड्याळात पोलादाची केसासारखी स्प्रिंग असते, तिला चुंबक लागला की वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळतं. रेकॉर्ड प्लॅस्टिकची. तिच्यात पोलाद कुठे असतं ते मला समजलं नाही. तरी ओळखीच्या एकांकडे ते यंत्र आहे, तिथे वडिलांच्या दोन रेकॉर्डी नेऊन ऐकल्या. मला काहीच फरक कळला नाही. बाकी सगळ्यांना कळला. आपण रेडिओवर चाळीस वर्षं काढलीत. फरक नेमका कुठे ऐकायचा, ते सांगाल का? की माझ्याच कानात काही कमी आहे?"

शेवटचं वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा सुईकाकांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. कारण फरक त्यांनाही कळला नव्हता.

सुईकाका हे नाव त्यांना रेडिओ केंद्रावर मिळालं. तिथे ते रेकॉर्डींचा संग्रह सांभाळायचे आणि कार्यक्रम चालू असताना रेकॉर्डवर सुई ठेवायचे. निवेदकाचं शेवटचं अक्षर संपायला आणि त्यांची सुई टेकायला एकच गाठ पडायची. सुई टेकल्याचा 'धप्प' आवाज त्यांच्या हातून चाळीस वर्षांत कुणी ऐकला नाही. बोलण्याच्या बाबतीत मात्र ते त्याच्या अगदी उलट. चारचौघांत तोंड उघडायची वेळ आली की पहिला शब्द घशात अडकायचा आणि दुसरा त्याच्यावर आदळायचा. केंद्र बंद झालं, संग्रह वाचनालयाच्या तळघरात गेला आणि सुईकाका थोरल्या बहिणीच्या, अक्कांच्या, घरी येऊन राहिले.

रविवारी सकाळी तेवढे ते दातांच्या डॉक्टरांकडे जायचे. डॉक्टरांच्या दिवाणखान्यात ध्वनिप्रेमी मंडळ भरायचं, म्हणजे डॉक्टर, एक ठेकेदार, एक वकीलबाई आणि सुईकाका. मंडळाचा एकच नियम होता आणि तो सगळे मनापासून पाळायचे: ऐकताना डोळे मिटायचे. डॉक्टर म्हणायचे, "डोळे चोर असतात. कानाच्या ताटातलं पळवतात." रेकॉर्ड लावणारा तेवढा डोळे उघडे ठेवायचा, आणि रेकॉर्ड लावणारे नेहमी डॉक्टरच असायचे.

वर्षापूर्वी डॉक्टरांनी ते यंत्र आणलं. चपटं, चौकोनी, वर काच. अक्कांनी पाहिल्यावर विचारलं होतं, "हा वजनकाटा दिवाणखान्यात कशाला?" त्यावर रेकॉर्ड ठेवायची, कळ दाबायची, अर्धा मिनिट घुंई आवाज होतो, दिवा विझतो, की रेकॉर्डवरचं चुंबकत्व उतरलं. रेकॉर्डच्या काळ्या रंगात धातूचे कण असतात, ते फिरून फिरून चुंबक होतात, असं सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. एकदा वाजवली की चुंबकत्व पुन्हा चढतं, म्हणून प्रत्येक वेळी वाजवण्याआधी ठेवायची.

व्हायोलिनची रेकॉर्ड एकदा तशी वाजली, एकदा यंत्रावर ठेवून वाजली. सगळ्यांनी डोळे मिटलेले. मग डॉक्टरांनी एकेकाला विचारलं. ठेकेदार म्हणाला, खर्जात जान आली. वकीलबाई म्हणाल्या, गज उलटा फिरताना वादकाचा श्वास ऐकू आला. सुईकाकांचा नंबर शेवटचा. त्यांना वाटलं होतं, दोन्ही वेळा तेच व्हायोलिन वाजलं. दुसऱ्यांदा थोडं बरं असेलही, पण दुसऱ्यांदा सगळंच थोडं बरं वाटतं. मग मनात आलं, आपलं वय झालं. खोलीत चार माणसं आहेत, तिघांना कळलं, चौथ्याला नाही. तर दोष कुणात असणार? आणि ते म्हणाले, "पडदा... पडदा सरल्यासारखं वाटलं."

"वा," डॉक्टर म्हणाले. "रेडिओचे कान आहेत. हेच लिहा मंडळाच्या पत्रिकेसाठी."

आणि त्यांनी लिहिलं. लिहिताना शब्द कसे भराभर येतात, ते खोटं असल्यावर तर जास्तच, याचं त्यांना तेव्हा नवल वाटलं होतं.

*

डॉक्टर एका दुपारी स्वतः घरी आले, हातात कागद घेऊन. बसले नाहीत.

"वाचनालयाला या वर्षी तळघरातल्या संग्रहासाठी मदत मिळतेय," ते म्हणाले. "समिती म्हणत होती कपाटं घ्या, नवी पाकिटं घ्या. मी म्हटलं, अहो, कपाटात काय आहे ते ऐकू तर आलं पाहिजे. दोन यंत्रं घेऊ. चार हजार रेकॉर्डी, एकूण एक स्वच्छ आवाजात. फक्त तज्ज्ञाचा अभिप्राय लागतो. इथे, खाली. तुमच्या लेखातलंच वाक्य टाकलंय."

सुईकाकांनी वाचलं. पडदा सरतो. खाली रेघ, रेघेखाली कंसात 'सही'.

"तळघरातली उत्तरेची भिंत ओली आहे," ते म्हणाले.

"पुढच्या वर्षी बघू भिंतीचं."

"पाकिटांना बुरशी..."

"सुईकाका, तुम्ही नुसती सही करा. दुखणार नाही." हे वाक्य डॉक्टर सगळ्यांनाच म्हणायचे.

"विचार करतो," सुईकाका म्हणाले.

"करा. रविवारी द्या."

डॉक्टर गेल्यावर अक्कांनी पत्त्यांच्या डावावरून मान वर केली. त्या एकट्याच खेळायच्या आणि बऱ्याचदा हरायच्या.

"काय म्हणालास?"

"विचार करतो म्हणालो."

"लग्नाचंही हेच म्हणाला होतास. तिला आता नातवंडं आहेत."

"अक्का, त्या रेकॉर्डी मी एकेक हातानं पुसल्यात. एका वर्षात बुरशी खोबणीत शिरेल. मग कुठलंही यंत्र आणा."

"मग सांग की तसं."

"माझ्याच लेखावर चाललंय सगळं."

"मग लेख चुकला म्हण."

"चुकला नाही," सुईकाका म्हणाले आणि फडताळाकडे बघू लागले. "खोटा आहे. मला काही ऐकू आलंच नव्हतं."

अक्कांनी राजा उचलून राणीवर ठेवला, मग तिथे बसत नाही म्हणून परत घेतला. "एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं काय केलंस. हे घड्याळ घे. रोज पुढे पळतंय. डॉक्टरांच्या बायकोकडे मी परवा पंधरा मिनिटं आधी जाऊन बसले, ती केस धूत होती. चार गल्ल्या सोडून दुकान आहे, देऊन ये. तेवढंच बाहेर पडशील."

चार गल्ल्या सोडून कुणाचं दुकान आहे, हे सुईकाकांना अकरा महिन्यांपासून माहीत होतं. पत्रावर पत्ता होता. तेव्हापासून ते त्या गल्लीतून जात नव्हते. डाकघराला वळसा घालून भाजी आणायचे.

*

दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर घड्याळं, त्यांतली निम्मी बंद. बाई पन्नाशीच्या. डोळ्याला भिंग लावलेलं, ते न काढता त्यांनी हात पुढे केला. सुईकाकांनी घड्याळ दिलं.

"पुढे पळतं," ते म्हणाले.

बाईंनी ड्रॉवरमधून एक छोटा, दिशा दाखवणारा कंपास काढला आणि घड्याळाजवळ नेला. कंपासची सुई थरथरली आणि सरळ घड्याळाकडे वळली.

"चुंबक बसलाय. कुठे ठेवता हे?"

सुईकाकांना आठवलं, अक्का झोपताना घड्याळ काढून कुठे ठेवतात ते. "स्पीकरवर."

"तरीच. स्पीकरच्या पोटात केवढा चुंबक असतो." त्यांनी घड्याळ एका निळ्या डबीवर धरलं, कळ दाबली, हळूहळू वर उचललं आणि मग कळ सोडली. पुन्हा कंपास जवळ नेला. सुई जागची हलली नाही. "झालं. पळायचं थांबेल."

"एवढ्यात?"

"एवढंच असतं. पण आधी कंपास लावायचा, मग डबी, मग पुन्हा कंपास. वडिलांची शिस्त. ते म्हणायचे, आजार आहे का ते न बघता औषध दिलं, तर गुण आला की नाही ते कसं कळणार?" त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं. "स्पीकर आहे म्हणजे गाणी ऐकता. रेकॉर्डी आहेत?"

"थोड्या."

"माझ्याकडेही वडिलांच्या आहेत." त्यांनी मागच्या फळीवरून एक रेकॉर्ड काढली, पाकिटातून अर्धी बाहेर ओढली आणि तिच्या काठाशी कंपास धरला. सुई ढिम्म. "बघा. लोक म्हणतात, यांचंही उतरवायचं असतं. जे चढलेलंच नाही ते उतरवणार काय? पण म्हटलं, कंपासला कळत नसेल असं काही कानाला कळत असेल. मी घड्याळवाली, मी कोण ठरवणार? म्हणून एकांना लिहून विचारलं. रेडिओवरचे होते, मोठे जाणकार."

"मग?" सुईकाकांनी विचारलं. तो शब्द त्यांच्या तोंडून कसा बाहेर पडला, ते त्यांनाही कळलं नाही.

"उत्तर नाही आलं. कामात असतील." बाईंच्या बोलण्यात राग नव्हता, हेच वाईट होतं. "तेव्हापासून मी रेकॉर्डी लावतच नाही फारशा. लावल्या की वाटत राहतं, आपल्याला ऐकू येतंय ते सगळं आहे, की अर्धंच."

सुईकाका टेबलाची कड धरून उभे राहिले. सांगावं, आत्ता सांगावं. पहिला शब्द घशाशी आला आणि नेहमीसारखा तिथेच बसला.

"पावती कुणाच्या नावानं करू?" बाईंनी विचारलं.

"अक्का," ते म्हणाले. "नुसतं अक्का लिहा."

परत येताना ते डाकघराचा वळसा न घेता सरळ आले. मोठा जाणकार! त्या शब्दांनी त्यांना रस्ताभर टोचलं. त्यांच्या एका वाक्यानं एका बाईचं ऐकणं बंद पडलं होतं आणि आता चार हजार रेकॉर्डी बंद पडणार होत्या. आणि दोन्ही ठिकाणी माणसं स्वतःच्याच कानांना दोष देत बसणार होती, त्यांच्यासारखीच. घरी येईपर्यंत घशात अडकलेल्या शब्दाची जागा दुसऱ्याच कशानं तरी घेतली होती. आयुष्यात फारसा न आल्यामुळे तो राग आहे हे ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

"अक्का," दारातूनच ते म्हणाले, "रविवारी तू माझ्याबरोबर येतेस. पत्त्यांचा जोड घे."

*

रविवारी सुईकाकांनी कागद सही न करताच डॉक्टरांना परत दिला. ते म्हणाले, "आधी एकदा यंत्र पुन्हा ऐकू या. तुम्ही नेहमी ऐकवता तसंच."

डॉक्टरांना आनंदच झाला. ठेकेदार सोफ्यावर पसरला, वकीलबाईंनी चप्पल काढून पाय वर घेतले, अक्का दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, सगळ्यांनी डोळे मिटले. सुईकाका नेहमीसारखे कोपऱ्यात न जाता रेकॉर्ड प्लेअरच्या शेजारच्या स्टुलावर बसले. आणि त्यांनी डोळे मिटले नाहीत.

मंडळातल्या बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी डॉक्टरांना रेकॉर्ड लावताना पाहिलं. डॉक्टरांनी आवाजाचं बटण शून्यावर नेलं, कारण त्यांची सुई टेकताना धप्प व्हायची आणि महागड्या स्पीकरांना धक्का बसायचा. सुई टेकवली आणि मग बटण हळूहळू वाढवलं. मान तिरकी करून, स्वतःला बरं वाटेपर्यंत. व्हायोलिन वाजलं. सुईकाकांनी खिशातली पेन्सिल काढली आणि बटणाच्या काठापासून खालच्या पट्टीपर्यंत एक बारीक रेघ ओढली. रेडिओवर ते रोज करायचे तसंच. तिथे सगळ्यांची बटणं रेघांनी भरलेली असायची. डॉक्टर तोवर डोळे मिटून डोलत होते.

मग बटण शून्यावर, रेकॉर्ड यंत्रावर, घुंई, दिवा विझला, रेकॉर्ड परत, सुई, धप्प, बटण वर. या वेळी डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हसू होतं. बटण रेघेपाशी आलं, थांबलं नाही, आणि गव्हाच्या दाण्याएवढं पुढे जाऊन थांबलं.

"अहाहा," ठेकेदार म्हणाला.

सुईकाकांचं हृदय इतकं जोरात वाजत होतं की व्हायोलिन त्यांना ऐकूच आलं नाही. ते उठले.

"मला सही करायची नाही," ते म्हणाले.

तिघांनी डोळे उघडले.

"लेख मागे घ्यायचाय. मला तेव्हा काही ऐकू आलं नव्हतं. सगळ्यांना आलं म्हणून मी म्हणालो. तुम्हालाही आलं की नाही ते आज बघू. बारा वेळा. आत अक्का पत्ता काढेल. लाल आला तर रेकॉर्ड यंत्रावर ठेवून कळ दाबेल, काळा आला तर तेवढाच वेळ नुसती स्टुलावर ठेवेल. दार बंद. आपण बाहेर ऐकायचं आणि कागदावर लिहायचं, यंत्र की नाही. प्रत्येक वेळी वाजवल्यावर चुंबकत्व पुन्हा चढतं असं तुमच्याच पुस्तिकेत आहे. त्यामुळे तक्रारीला जागा नाही."

एवढं लांब ते त्या खोलीत कधीच बोलले नव्हते. ठेकेदारानं वकीलबाईंकडे पाहिलं.

"मंडळ विश्वासावर चालतं, सुईकाका," डॉक्टर म्हणाले. ते दुखावले होते.

"माझ्या कानांवर विश्वास आहे म्हणूनच सही मागताय ना?"

"पण अक्का तुमच्याच बहीण. तुमच्या बाजूनं..."

"याच्या बाजूनं?" अक्का म्हणाल्या. "हा जन्मला तेव्हा माझी खोली गेली. तेव्हापासून मी विरोधात आहे. यंत्र कुठे लावायचं सांगा."

वकीलबाई हसल्या. त्या वाचनालयाच्या समितीवरही होत्या. "होऊ दे, डॉक्टर. फरक असेल तर आपलंच काम सोपं होईल. अभिप्राय पक्का होईल."

"आवाजाचं काय?" डॉक्टर म्हणाले. "बटण प्रत्येक वेळी खाली-वर करावंच लागतं. धप्प होतं."

"बटणाला कुणी हात लावायचा नाही," सुईकाका म्हणाले. "सुई मी ठेवेन."

आणि त्यांनी ठेवली. बारा वेळा. बटण पेन्सिलच्या रेघेवर, स्पीकर पूर्ण वेळ उघडे, आणि सुई टेकल्याचा एकदाही आवाज नाही. चौथ्या वेळेला ठेकेदार रेकॉर्ड ऐकायचं सोडून त्यांच्या हाताकडे बघत बसला. रेकॉर्ड आत जायची, दार बंद व्हायचं, अक्का पाऊण मिनिटानं बाहेर यायच्या, चेहरा तसाच निर्विकार. पत्ते खेळणाऱ्या बाईला तेवढं जमतं. एकेक मिनिट व्हायोलिन. मग चार पेन्सिलींची खरखर.

सातव्या वेळी सुईकाका चपापले. ऐकू आलं. पडदा सरला. गज तारेवर टेकायच्या आधीची हवा ऐकू आली, वादक ओणवा झालेला दिसला. एवढं स्पष्ट. म्हणजे फरक होता. म्हणजे अकरा महिने, आजची सकाळ, ही सगळी भाषणबाजी... पेन्सिल क्षणभर कागदावर थांबली. मग त्यांनी जे ऐकलं तेच लिहिलं: यंत्र. खोटं एकदा लिहून झालं होतं, पुन्हा लिहायचं नव्हतं, मग निकाल कुठेही जावो.

बारा झाल्यावर अक्का आतून यादी घेऊन आल्या आणि वकीलबाईंनी ताळा घेतला. ठेकेदाराचे सहा बरोबर. डॉक्टरांचे पाच. सुईकाकांचे सहा. वकीलबाईंचे सात.

"बघा," डॉक्टर म्हणाले. "सात. म्हणजे फरक आहे, फक्त कान तयार हवेत."

"डॉक्टर," वकीलबाई म्हणाल्या, "तिसऱ्यानंतर मी एकाआड एक लिहीत होते. माझा पाय झोपला होता."

कुणी हसलं नाही. मग ठेकेदार हसला, आणि मग त्याला थांबता येईना.

"सातव्याला चौघांनीही यंत्र लिहिलंय," वकीलबाई यादी बघत म्हणाल्या. "चौघांनीही. सातव्याला कुठला पत्ता होता?"

"काळा," अक्का म्हणाल्या. "रेकॉर्ड स्टुलावर होती. मी चष्मा पुसत होते."

सुईकाका खाली बसले. इतका मोठा सुटकेचा श्वास त्यांनी पूर्वी कधी सोडला होता की नाही, त्यांना आठवेना. त्यांना ऐकू आलं होतं, अगदी स्पष्ट, आणि ते तिथे नव्हतं. म्हणजे कान गेले नव्हते. कान एवढे भले होते की मागाल ते आणून देत होते.

"म्हणजे मी वर्षभर तुम्हाला फसवत होतो?" डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

"नाही." सुईकाकांनी त्यांना बटणाजवळ नेलं, पेन्सिलची रेघ दाखवली आणि सकाळी बटण कुठे जाऊन थांबलं होतं तेही दाखवलं. "मुद्दाम नव्हे. यंत्रानंतर छान वाजणार या आनंदात तुमचा हात एवढा पुढे जातो. आवाज एवढासा मोठा झाला की सगळ्यांनाच बरा वाटतो. आणि आमचे डोळे मिटलेले."

डॉक्टर त्या रेघेवर वाकले. मग त्यांनी रुमालानं ती पुसून टाकली.

"हे इथेच राहू दे," ते म्हणाले. "मंडळाचं हसं होईल. सही नको तर नको. अर्ज तुमच्या सहीशिवायही जाईल. लेख छापलेला आहेच."

"कागद द्या."

"आता कशाला?"

"द्या ना." डॉक्टरांनी दिला, बहुधा चकित होऊन; सुईकाकांनी कधी कुणाकडे दुसऱ्यांदा काही मागितलं नव्हतं. त्यांनी छापलेल्या वाक्यावर काट मारली आणि खाली, जेवढी जागा होती तेवढ्यात, लिहिलं: 'यंत्राने फरक पडत नाही. बारा वेळा ऐकून पाहिलं. माझा लेख खोटा होता. उत्तरेची भिंत ओली आहे. कपाटं आणि पाकिटं आणा.' आणि रेघेवर पूर्ण सही केली.

"हे मी पुढे पाठवणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"मला द्या," वकीलबाई चप्पल शोधत म्हणाल्या. "मी पाठवते. समितीत मीही आहे."

"आणि पत्रिकेत दुरुस्ती छापा," सुईकाका म्हणाले.

"नाही छापणार."

"मग मी हातानं लिहून वाचनालयाच्या फळ्यावर लावीन. अक्षर चांगलं आहे माझं."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "मग पुढच्या रविवारपासून नाही आलात तरी चालेल."

हेच ते, ज्याची सुईकाकांना बारा वर्षं भीती वाटत आली होती. या खोलीत आपल्याला कुणी नको म्हणेल. आता ते म्हणून झालं होतं आणि खोली होती तशीच होती. खिडकीत ऊन, स्पीकरवर धूळ.

"येणार," ते म्हणाले. "नऊ वाजता. पुढच्या खुर्चीवर बसणार, आणि डोळे उघडे ठेवणार. बाहेर काढायचं तर दारात उभे राहा."

ते जिन्यावरून उतरू लागले. अक्कांनी कोपराला धरलं.

"बरं बोललास," त्या म्हणाल्या. मग तीन पायऱ्या उतरून, "उशिरा, पण बरं."

*

फळ्यावरचा कागद त्यांनी सोमवारी लावला. पत्र मात्र बुधवारपर्यंत झालं नाही. पहिला खर्डा चार पानांचा झाला. त्यात क्षमेचे शब्द इतके होते की मूळ गोष्ट सापडेना. दुसऱ्यात त्यांनी प्रयोगाचा तक्ता काढला, तो परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखा दिसला. तिसरा अक्कांना वाचून दाखवला.

"चार गल्ल्यांवर आहे," अक्का म्हणाल्या. "जाऊन सांग ना तोंडानं. डाकेचं कशाला?"

"त्या बाईंनी पत्र लिहिलं होतं. उत्तर पत्रानंच जाईल. नंतर जाईन."

"विचार करून?"

"नाही. शनिवारी."

शेवटी जे पाकिटात गेलं ते एवढंच होतं:

"आपलं पत्र अकरा महिने माझ्याजवळ आहे. उत्तर दिलं नाही, कारण खरं उत्तर द्यायची लाज वाटत होती. फरक मला ऐकू आला नव्हता. इतरांना आला म्हणून मी तसं लिहिलं. गेल्या रविवारी आम्ही चौघांनी, रेकॉर्ड कुठल्या वेळी यंत्रावर ठेवली ते माहीत नसताना, बारा वेळा ऐकून पाहिलं. कुणालाच ओळखता आलं नाही. एकदा मला फरक स्वच्छ ऐकू आला. त्या वेळी यंत्राला कुणी हातही लावला नव्हता. आपल्या कानात काहीही कमी नाही. जे ऐकू येतं ते सगळं आहे. वडिलांच्या रेकॉर्डी लावा. कुणी जाणकार वेगळं म्हणाला, तर त्याला आधी कंपास दाखवा. ता. क. अक्का नावाने आपण पावती केलीत ते घड्याळ आता वेळेवर चालतं. ते मीच घेऊन आलो होतो."

डाकघराच्या दाराशी लाल पेटी होती. सुईकाकांनी पाकीट फटीत अर्धं घातलं आणि थांबले. 'लाज' हा शब्द बरोबर आहे का? 'संकोच' हवा होता का? मागे एक बाई हातात तीन पाकिटं घेऊन उभी होती. तिनं घसा खाकरला. 'लाज' हाच बरोबर होता. त्यांनी पाकीट सोडलं.

रस्त्यावरच्या गडबडीत ते आत पडल्याचा आवाज झाला की नाही, त्यांना कळलं नाही. झडप उचलून त्यांनी बोटं घालून पाहिलं. फट रिकामी होती.